इंधनाचा भाव आणि इंधनाचे मोल

एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो भरते. ते मोटारीच्या एंजिनात जळून गेले म्हणजे पेट्रोल 'संपले' असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते संपलेले नसते. त्याचे केवळ रूप पालटलेले असते. एका लिटरमध्ये साधारणपणे ६४० ग्रॅम कार्बन असतो. जळताना कार्बनच्या दर १२ भागांना हवेतील प्राणवायूचे ३२ भाग येऊन मिळतात आणि वजनाने ४४ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. या हिशेबाने एक लिटर पेट्रोलमधून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. एक लिटर डिझेलच्या बाबतीत हाच आकडा सुमारे २.७ किलो आहे. म्हणजे ग्राहक पंपावर जेवढ्या वजनाची वस्तू विकत घेतो, तिच्या जवळजवळ तिप्पट वजनाचा वायू तो हवेत सोडतो. विकत घेतलेल्या वस्तूचे दाम तो मोजतो. सोडलेल्या वायूचे दाम त्याच्याकडे कोणी मागत नाही.

धुराड्यातून बाहेर पडणारा हा एकच पदार्थ नव्हे. ज्वलन अपुरे झाले तर विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एंजिनातील प्रखर उष्णतेने हवेतील नायट्रोजन आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात. न जळलेली हायड्रोकार्बने आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण त्यांच्या जोडीला असतात. यांतील सर्वांत बारीक कण नाकातील केसांना आणि श्वासनलिकेतील श्लेष्म्याला चुकवून फुप्फुसाच्या अगदी तळाशी पोहोचतात. त्यांचे परिणाम दमा, हृदयविकार, औषधपाणी आणि बुडालेली रोजंदारी या रूपांनी कोठेतरी प्रकट होतातच. तो खर्च करावा लागणारा मनुष्य पुष्कळदा रस्त्याच्या कडेला भाजी विकणारा किंवा चौकात उभा राहून वाहतूक नियंत्रित करणारा असतो. त्याच्यापाशी स्वतःची मोटार असेलच असे नाही.

हिशेबाबाहेरचा खर्च

व्यवहारातील या विसंगतीकडे अर्थशास्त्राचे लक्ष फार पूर्वी गेले. केंब्रिज विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ आर्थर सेसिल पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात तिची पद्धतशीर चर्चा केली. मोठ्या शहरांतील धुरामुळे समाजाचे जे नुकसान होते ते धूर करणाऱ्याच्या हिशेबवहीत कोठेच नोंदले जात नाही, हा त्यांनी दिलेल्या दाखल्यांपैकी एक होय. उत्पादकाला किंवा ग्राहकाला पडणारा खर्च आणि समाजाला पडणारा खर्च या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यात जेवढे अंतर असेल तेवढा कर त्या वस्तूवर बसवावा, म्हणजे भाव खऱ्या खर्चाच्या जवळ येईल, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे.

या विचारामागे बाजाराविषयीचे एक साधे निरीक्षण आहे. भाव हा केवळ विक्रेत्याला मिळणारा मोबदला नसतो; तो लाखो लोकांना एकाच वेळी दिलेला संदेश असतो. स्वस्त वस्तू अधिक वापरा, महाग वस्तू जपून वापरा, एवढेच तो सांगतो. तो संदेश चुकीचा असेल तर लोक अज्ञानी किंवा दुष्ट नसतानाही त्यांचे वर्तन समाजाला घातक ठरते.

शिशाचा धडा

पेट्रोलच्या इतिहासात याचे एक मोठे उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एंजिनांत पेट्रोल अवेळी पेट घेई आणि सिलिंडरमध्ये ठकठक असा आवाज होई. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील डेटन येथे जनरल मोटर्स कंपनीचे संशोधक टॉमस मिज्ली यांना असे आढळले की, टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळले असता हा दोष नाहीसा होतो. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळूनही तोच परिणाम साधतो, हे त्या काळीही माहीत होते; परंतु मद्यार्क पुष्कळ लागे आणि शिसे चिमूटभर पुरे. शिशाचा मार्ग स्वस्त होता. १९२३ साली असे पेट्रोल विक्रीस आले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार मृत्युमुखी पडले. तथापि विक्री थोड्या खंडानंतर पुन्हा चालू झाली आणि शिसेयुक्त पेट्रोल जगभर पसरले.

शिसे शरीरात साठते आणि वाढत्या वयातील बालकांच्या मेंदूला ते विशेष अपाय करते. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात राष्ट्रव्यापी आरोग्य पाहणीत हजारो नागरिकांचे रक्त तपासण्यात आले. तेव्हा पेट्रोलमधील शिशाचे प्रमाण घटवण्यास आरंभ झालेला होता. पाहणीच्या आरंभी दर १०० मिलिलिटर रक्तात सरासरी १४.६ मायक्रोग्रॅम शिसे होते. चार वर्षांत ते ९.२ वर आले. पेट्रोलमधील शिसे ज्या गतीने कमी झाले, जवळजवळ त्याच गतीने माणसांच्या रक्तातील शिसे उतरले. पंपावर वाचलेले पैसे कोणाच्या शरीरातून वसूल होत होते, याचा इतका स्वच्छ पुरावा विज्ञानाला क्वचितच मिळतो.

भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ साली प्रथम चार महानगरांत मिळू लागले, आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर तेच विकले जाऊ लागले. रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातील अखेरचा देश अल्जीरिया होता; तेथील विक्री २०२१ साली थांबली. मिज्ली यांच्या प्रयोगापासून तोवर शंभर वर्षे लोटली होती.

निसर्गाने जवळ ठेवलेले, भावाने दूर केलेले

शिशाच्या प्रकरणात भावाने एक अपाय लपवला. भारताच्या अनुभवात याहून गुंतागुंतीची गोष्ट घडली: तीन इंधनांच्या भावांतील अंतरानेच नवे अपाय निर्माण केले. तो समजण्यासाठी खनिज तेलाच्या शुद्धीकरणाकडे थोडे पाहिले पाहिजे.

शुद्धीकरण कारखान्यात कच्चे तेल तापवून त्याची वाफ एका उंच मनोऱ्यात सोडतात. वर जाताना ती निवत जाते आणि जे घटक कमी उष्णतेला उकळतात ते वरच्या थरांत, अधिक उष्णतेला उकळणारे खालच्या थरांत, असे वेगळे होतात. वरच्या बाजूस पेट्रोलचा अंश मिळतो, त्याखाली रॉकेल आणि त्याखाली डिझेल. हे तिन्ही द्रव एकाच कुळातील हायड्रोकार्बनांचे बनलेले असल्यामुळे एकमेकांत सहज आणि पूर्णपणे मिसळतात. पाण्यात मिसळलेले तेल डोळ्यांना दिसते. डिझेलमध्ये मिसळलेले रॉकेल दिसत नाही.

१९७३ च्या अखेरीस जागतिक बाजारात कच्चे तेल पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांतच जवळजवळ १२ डॉलरवर गेले. या व पुढील धक्क्यांपासून सामान्य माणसाला वाचवावे, या हेतूने भारत सरकारने इंधनांचे दर आपल्या हाती ठेवले. पेट्रोल हे सधनांचे इंधन मानले गेले आणि ते महाग ठेवले. डिझेल मालमोटार, बस आणि शेतकऱ्याचा पंप यांचे, म्हणून ते स्वस्त. रॉकेल गरिबाच्या दिव्याचे व चुलीचे, म्हणून ते सर्वांत स्वस्त. हेतू निःसंशय सहानुभूतीचा होता. परंतु मिसळण्यास सोपे असलेले तीन द्रव तीन अगदी भिन्न भावांना विकले जाऊ लागले. २४ मे २०१२ रोजी दिल्लीत पेट्रोलचा दर लिटरला ७३ रुपये १८ पैसे झाला. त्या दिवशी डिझेल सुमारे ४१ रुपयांना मिळत होते आणि शिधापत्रिकेवरील रॉकेल सुमारे १५ रुपयांना.

पायऱ्यांवरून घसरण

या तीन पायऱ्यांवरून मागणी खालच्या पायरीकडे घसरत जाणे अपरिहार्य होते. पहिली घसरण मोटारींच्या बाजारात झाली. जे डिझेल शेतकऱ्यासाठी आणि मालवाहतुकीसाठी स्वस्त ठेवले होते, त्यावर चालणाऱ्या खासगी मोटारी सधन ग्राहक घेऊ लागला. २०१२ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलवर चालणाऱ्या होत्या. त्या काळच्या डिझेल एंजिनांतून पेट्रोल एंजिनांच्या मानाने काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे पुष्कळ अधिक निघत. योगायोग असा की, उपरोक्त दरवाढीनंतर तीनच आठवड्यांनी, १२ जून २०१२ रोजी, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर मनुष्याला कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात समाविष्ट केला.

दुसरी घसरण लपूनछपून झाली. १५ रुपयांचे रॉकेल ४१ रुपयांच्या डिझेलमध्ये किंवा ७३ रुपयांच्या पेट्रोलमध्ये ओतले की प्रत्येक लिटरमागे मिळणारा नफा कोणत्याही प्रामाणिक धंद्यात मिळत नाही. शिधापत्रिकेवरील रॉकेल ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग मिसळण्यात येई. परंतु रंग काढून टाकण्याच्या युक्त्या लवकरच निघाल्या. २००५ च्या सुमारास राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत असे दिसून आले की, शिधावाटपासाठी दिलेल्या रॉकेलपैकी एक तृतीयांशाहून अधिक रॉकेल गरिबांच्या घरी पोहोचतच नव्हते. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक घसरतो, एंजिनात ठकठक सुरू होते, ज्वलन अपुरे राहते आणि धूर वाढतो. रॉकेलमध्ये गंधकाची जी मात्रा चालते ती आधुनिक डिझेलसाठी ठरवलेल्या मर्यादेहून पुष्कळ अधिक असते. म्हणून भेसळीमुळे धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांचाही घात होतो. सरकारने एका हाताने इंधनाचे निकष कडक करावेत आणि दुसऱ्या हाताने ठेवलेल्या भावांतील अंतराने ते निष्फळ व्हावेत, असा हा प्रकार होता.

या अंतरात माणसांचे प्राणही गेले. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंडियन ऑइल कंपनीचे तरुण अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांनी भेसळीच्या कारणावरून एका पंपाची विक्री बंद पाडली होती. १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचा गोळ्या घालून खून करण्यात आला. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, महाराष्ट्रात मनमाडजवळील पानेवाडी येथे चोरट्या इंधनाच्या अड्ड्यावर गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. मारेकऱ्यांचा अपराध भावाच्या माथी मारता येत नाही. परंतु लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचे जे आमिष वर्षानुवर्षे कायम ठेवण्यात आले होते, त्याच्यावाचून तेथे अड्डाच उभा राहिला नसता.

स्वस्ताई कोणाच्या पदरात पडली?

एवढी किंमत देऊनही गरिबाला लाभ किती झाला, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. २०१२-१३ या एका आर्थिक वर्षात डिझेल, रॉकेल आणि घरगुती गॅस ठरावीक दराने विकल्यामुळे तेल कंपन्यांची सुमारे १ लाख ६१ हजार कोटी रुपयांची तूट आली. ती शेवटी सार्वजनिक तिजोरीतून आणि सार्वजनिक कंपन्यांच्या उत्पन्नातून भरून काढावी लागली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, भारतातील सर्वांत सधन दहा टक्के कुटुंबांना इंधनावरील अनुदानाचा जो लाभ मिळत होता, तो सर्वांत गरीब दहा टक्के कुटुंबांच्या सातपट होता. कारण उघड आहे. जो अधिक इंधन जाळतो त्यालाच स्वस्त इंधनाचा अधिक लाभ होतो.

सुधारणेच्या वाटेवरही एक विपरीत वळण आले. १८ जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर दरमहा काही पैशांनी वाढवण्याचे ठरले. परंतु ठोक खरेदी करणाऱ्यांना मात्र एकदम बाजारभाव लागू करण्यात आला. ठोक खरेदीदारांत राज्यांची परिवहन महामंडळेही होती. परिणामी, पन्नास उतारूंना घेऊन जाणाऱ्या बसला लिटरमागे सुमारे दहा रुपये अधिक पडू लागले, आणि एकट्या मालकाला घेऊन जाणारी मोटार पंपावर स्वस्त डिझेल भरत राहिली. काही महामंडळांनी मग आपल्या बसगाड्या खासगी मोटारींच्या रांगेत नेऊन पंपांवर उभ्या केल्या. जे वाहन माणशी सर्वांत कमी धूर सोडते त्यालाच दंड व्हावा, ही त्या व्यवस्थेतील विसंगती एवढ्या एका दृश्यातून स्पष्ट होते.

भाव सरळ झाल्यावर

पेट्रोलचा दर २०१० च्या जूनमध्ये आणि डिझेलचा २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये नियंत्रणातून मुक्त झाला. दुसऱ्या वेळी जागतिक भाव उतरणीस लागले असल्यामुळे ग्राहकाला त्याची झळ फारशी लागली नाही. दोन्ही इंधनांतील अंतर पुढे इतके घटले की, २०२० च्या जूनमध्ये दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा किंचित महाग झाले होते. डिझेल मोटारींचा हिस्सा पाचव्या भागाच्याही खाली आला. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या निकषांमुळे डिझेल एंजिने महागली, हेही त्याचे एक कारण होय. तथापि घसरण त्याआधीच, अंतर मिटू लागले तेव्हाच, सुरू झाली होती.

रॉकेलची कथा अधिक बोधप्रद आहे. साध्या वातीच्या चिमणीत जळणाऱ्या दर १०० ग्रॅम रॉकेलपैकी ७ ते ९ ग्रॅमची काजळी होते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. ही काजळी त्या उजेडात अभ्यास करणाऱ्या मुलाच्या श्वासात जाते. २०१६ च्या जुलैपासून शिधापत्रिकेवरील रॉकेलचा दर पंचवीस पंचवीस पैशांनी वाढवत नेण्यात आला आणि २०२० पर्यंत त्यावरील अनुदान संपले. त्याच वर्षांत खेड्यांतील घरांना वीजजोडण्या आणि गॅसजोडण्या देण्याच्या मोठ्या योजना राबवल्या गेल्या. म्हणजे जुन्या इंधनाचा भाव चढत असताना दुसरे साधन घरापर्यंत येत होते. जेथे ते नियमितपणे पोहोचले तेथे रॉकेल महागल्याचा घाव हलका झाला. जेथे सिलिंडर पुन्हा भरून घेण्याइतके पैसे नव्हते तेथे लाकूडफाटा आणि गोवऱ्यांचा धूर तसाच राहिला.

यावरून इंधन महाग केले की प्रश्न सुटला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. इंधनाची दरवाढ भाजीच्या टोपलीत, मच्छीमाराच्या होडीत आणि रिक्षाचालकाच्या दिवसभराच्या मिळकतीत उतरते. ज्याच्या गावाला बस येत नाही त्याला महाग पेट्रोल कमी वापरण्याचा उपदेश व्यर्थ आहे. फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनावरील वाढत्या कराविरुद्ध पिवळी जाकिटे घालून जे लोक रस्त्यावर उतरले, त्यांत मोटारीवाचून कामावर जाणे शक्य नसलेल्या लहान गावांतील नागरिकांचा मोठा भरणा होता. उलट, इराणने २०१० च्या डिसेंबरात पेट्रोलचा शिधादर लिटरला १,००० रियालवरून ४,००० रियालवर नेला, तेव्हा प्रत्येक नागरिकामागे दरमहा ४ लाख ५५ हजार रियाल कुटुंबांच्या बँक खात्यांत जमा करण्यास आरंभ केला. ती वाढ त्या वेळी शांतपणे पचली. पुढे चलनवाढीने त्या रकमेचे मोल घटत गेले, आणि २०१९ च्या नोव्हेंबरातील दरवाढीने मात्र तेथे मोठा भडका उडाला.

भारतातही इंधनाच्या भावात कराचा वाटा मोठा राहिला आहे. २०२० च्या मे महिन्यात केंद्राचे उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरला ३२ रुपये ९८ पैशांपर्यंत गेले होते. परंतु पिगू यांच्या अर्थाने हा धुरावरचा कर नव्हे. तो महसुलासाठी बसवला जातो, आणि त्यातून मिळालेला पैसा बसगाड्या, रेल्वे व पायी चालण्याजोगे रस्ते यांवर खर्च झाला नाही तर, ज्याच्यापाशी पर्याय नाही त्याच्याच खिशातून तो गेलेला असतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद व तिच्या सहयोगी संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०१९ या एका वर्षात देशात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू वायुप्रदूषणामुळे ओढवले. वाहनांचा धूर हा त्याच्या अनेक कारणांपैकी एक आहे. चुली, वीजकेंद्रे, कारखाने आणि धूळ यांचाही त्यात भाग आहे. परंतु ज्या कारणांवर भावाच्या द्वारे अंकुश ठेवता येतो, त्यांत इंधनाची गणना प्रथम होते. भाव ठरवताना तीन गोष्टी एकत्र विचारात घेतल्या पाहिजेत: इंधन आणण्यास काय पडले, ते जाळल्याने दुसऱ्याचे काय बिघडले, आणि ते महागले तर कोणाचा दिवस अडणार आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पंपावरच्या आकड्यात मिळते. दुसऱ्याचे रुग्णालयांच्या नोंदवह्यांत शोधावे लागते, आणि तिसऱ्याचे ज्या थांब्यावर बस वेळेवर येत नाही तेथे उभ्या असलेल्या लोकांत.